सिगारच्या डब्यातला पंक

गाणं सुरू झालं म्हणता म्हणता संपतंसुद्धा. जेमतेम ४६ सेकंद! बँड मायनर थ्रेट, शहर वॉशिंग्टन डी. सी., गायक इयन मॅकाय. दारू नको, नशा नको, असं हा पठ्ठ्या बेंबीच्या देठापासून ओरडून सांगतो. आणि तेही पंकमध्ये, म्हणजे बंडखोर, आरडाओरड्याच्या रॉक संगीतात. ‘स्ट्रेट एज’ या गाण्याच्या नावानं पुढे जगभर पंथच निघाला. मॅकायला तो काढायचा नव्हता, ही त्यातली गंमत.

मायनर थ्रेट १९८० ते १९८३ एवढाच टिकला. पण तिथे थांबू नका, जरा मागे चला.

मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन आधी टीन आयडल्समध्ये होते. कार्यक्रमांचे पैसे ही पोरं वाटून घेत नसत, सिगारच्या डब्यात टाकत. बँड मोडला, तेव्हा त्या पैशांतून रेकॉर्ड निघाली आणि तिच्यासोबत डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी. प्रती हजार. कव्हरं छापून आणली, पण कापणं, दुमडणं, चिकटवणं सगळं घरच्या घरी.

स्ट्रेट एजवाल्यांची खूण असलेली हातावरची काळी फुलीही त्याच काळातली. १९८० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये टीन आयडल्सच्या हातांवर फुल्या मारल्या गेल्या: वय कमी आहे, यांना दारू देऊ नका. पोरांनी ही युक्ती वॉशिंग्टनला नेली. क्लबवाल्यांना म्हणाली, फुली मारा, पण गाणं ऐकायला आत सोडा.

आणि हा वेग आला कुठून? बॅड ब्रेन्सकडून. चौघे कृष्णवर्णीय वादक, आधी जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकची मिसळ, वाजवणारे. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा गोंगाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी यांचं १९८० सालचं पहिलं सिंगल ऐकावं. माझ्या मते मायनर थ्रेटच्याही आधी ऐकावं.

१९८५ पर्यंत कार्यक्रमांतल्या हाणामारीला अनेक जण विटले होते. राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडनी गाणी आतल्या सलाकडे वळवली. त्या बँडमधला गाय पिचोटो नंतर मॅकायसोबत फुगाझी या बँडमध्ये आला. फुगाझीचं तिकीट साधारण पाच डॉलर, प्रवेश सर्व वयांना. प्रेक्षकांत कुणी धक्काबुक्की केली, तर गाणं थांबायचं, त्याला बाहेर काढलं जायचं आणि जाताना त्याच्या हातात पाकीट दिलं जायचं. आत त्याचे पाच डॉलर.