ऑक्टोबरचे प्रवासी आणि झाडाखालचा पाचोळा

नमस्कार श्रोतेहो.

पितृपक्षात कावळ्याला पान वाढायला गच्चीवर गेलात, तेव्हा टाकीच्या गळक्या पाण्यापाशी एक सडपातळ, पोटाला पिवळा, सारखी शेपटी वरखाली करणारा पक्षी दिसला असेल. तो करडा धोबी, हिमालयाकडून आलेला. शहरातल्या एखाद्या टीचभर हिरवळीवर दरवर्षी न चुकता परतणारे धोबी निरीक्षकांनी नोंदवलेत. त्याच्या मागोमाग माशीमार येतात, वटवटे येतात, स्वर्गीय नर्तक येतो.

या दिवसांत बागेत स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर जरूर जा. फक्त एक ऐका. झाडाखालचा पाचोळा झाडू नका. पुन्हा सांगतो, प्लॅस्टिक उचला, बाटल्या उचला, पाचोळा राहू द्या.

का, त्याची एक गोष्ट आहे. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तुम्हाला ठाऊक असेल. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, ३७ एकरांचं. पूर्वी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. त्यावर माती घातली, झाडं लावली आणि १९९४ साली ते लोकांना खुलं झालं.

तिथे आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात एक काका येतात, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. पक्ष्यांचं त्यांना मुळीच वेड नव्हतं. निवृत्तीनंतर काकूंच्या फोडणीत लक्ष घालायला लागले, म्हणून काकूंनीच त्यांना आमच्याकडे पिटाळलं. तिकिटाचा पंच जमा करून आले, पण सवय जाईना. कुणाला हाक मारायची तर खिशातली किल्ली लोखंडी कठड्यावर टिकटिक वाजवतात.

परतीचा पाऊस नुकताच आटोपला होता. रविवारची सकाळ. एका कंपनीतली उत्साही मुलंमुली आली होती, सगळ्यांचे भगभगीत नारिंगी टी-शर्ट आणि पुढे बॅनर. हे बॅनरचं प्रकरण मला कधी उमगलं नाही. काम दोन तासांचं, त्यातला अर्धा तास बॅनर कुणी कुठे धरायचा यातच! असो. भरतीबरोबर काठाला लागलेलं प्लॅस्टिक त्यांनी उचलायचं होतं. पण खराटा हाताला लागला आणि दोघातिघांनी झाडांखालचा पाचोळा ओढायला घेतला. बघता बघता गोण्या भरल्या.

एवढ्यात कठड्यावर टिक. एकदाच. आणि काकांचा दबका आवाज, "सिंगल."

मुंबईकरांना सांगायला नको, एक घंटी म्हणजे बस थांबवा. सगळे जागच्या जागी उभे.

खराट्यापासून चार हातांवर पाचोळ्यात काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. चोचीने पान उचलायचं, बाजूला भिरकावायचं, खाली बघायचं. एक गांडूळ ताणून ओढलं आणि गिळलं. आधी वाटलं, साळुंकी. मग ते वळलं. पाठ हिरवी, खांद्यावर निळा डाग, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लालभडक. नवरंग!

एक कॅमेरावाले गृहस्थ होते. पक्षी समोर तोंड करीना, म्हणून त्याला वळवायला त्यांनी मोबाइल काढून त्यावर वाजवण्यासाठी नवरंगाची शीळ शोधायला सुरुवात केली. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, अगदी विनातिकीटवाल्याकडे बघावं तसं, आणि म्हणाले, "साहेब, लांबचा प्रवासी आहे. रात्रभर उभ्याने आलाय. आत्ता कुठे सीट मिळाली, तर उठवता कशाला?"

मोबाइल खिशात गेला. नवरंग पोटभर जेवला आणि आपला आपण करंजामागे निघून गेला. मग कठड्यावर दोनदा टिकटिक. "डबल. चला, कामाला लागा." त्या मुलांनी गोण्या निमूट उचलल्या आणि पाचोळा होता तिथे परत ओतला.

काका बोलले ते खरंच होतं. नवरंग पावसाळ्यात सह्याद्रीत, मध्य भारतात घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिणेत, श्रीलंकेत जातो. प्रवास रात्रीचा. पहाटे उतरला की लगेच खायला लागतं आणि त्याचं खाणं असतं पाचोळ्याखाली, किडे, वाळवी, गांडुळं. पाचोळा जाळला किंवा झाडला, की पुढ्यातलं ताट काढून घेतल्यासारखंच.

रात्रीच्या प्रवासात दिव्यांनी पक्षी भरकटतात, काचांवर आदळतात. आता दिवाळी येईल. गॅलरीत आकाशकंदील लावा, हौसेने लावा. पण सोसायटीतल्या झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एलईडीच्या माळा गुंडाळून वर्षभर ठेवायच्या, ही कुठली सजावट? झाडाचा हळदीकुंकवाचा मंडप करून टाकतात.

आणि आदळून पडलेला पक्षी सापडला, तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या. त्या आठवड्यात जवळच्या बागेत जा. कपडे मातकट रंगाचे घाला, सोबत पाणी ठेवा, दुर्बीण नसली तरी अडत नाही. किती पक्षी दिसले ते वहीत लिहा, नाव नाही आलं तर रंग लिहा, शेपटी कशी हलवत होता ते लिहा. आणि बागेतल्या माळीबुवांच्या हातात खराटा दिसला, तर आधी दोन शब्द बोला, चहा पाजा, पाचोळ्याचं त्यानंतर काढा. नमस्कार.