कॉइल बिचारी निर्दोष असते

मंडळी, अध्यक्षांनी मघाशी माझी ओळख 'खेळणी दुरुस्त करणारे' अशी करून दिली. चालेल. पण पिनबॉलला, म्हणजे उतरत्या पाट्यावर चेंडू खेळवायच्या मशीनला, खेळणं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचा पाटा उचलून खाली बघावं. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या हॅरी मॅब्ज यांनी 'हम्प्टी डम्प्टी' मशीनला फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू वर मारणारे छोटे दांडे, बसवले. त्याआधी चेंडू सोडायचा आणि हात जोडायचे. न्यूयॉर्कने तर हा जुगार ठरवून बंदी घातली होती, ती १९७६ साली उठली. मागच्या बाकावरच्या रमीवाल्यांनी हसू नये.

तर मालवणच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात जुनं मशीन आहे. मालकांचं नाव घेत नाही, ते सभागृहात असू शकतात. डाव्या फ्लिपरला जोर नाही, चेंडू अर्ध्या रॅम्पवरून परत. मालकांचं निदान फोनवरच तयार: "कॉइलच गेली आसतली. बदल आणि मोकळो हो." कॉइल म्हणजे वीज मिळाली की चुंबक होऊन फ्लिपर हलवणारं तारेचं वेटोळं. म्हटलं, आधी मीटर लावतो. "मीटर कित्याक?" मग दुसऱ्याला बोलावलं. कॉइल मुंबईहून आली, बसली, फ्लिपर तसाच मरगळलेला. मग कुणीतरी प्लंजरवर, म्हणजे कॉइल आत ओढते त्या लोखंडी दांड्यावर, खोबरेल सोडलं! आपल्याकडे टाळूपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल. इथे मात्र नायलॉनच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे नळीत, प्लंजर कोरडाच सरकायला हवा. तेलावर धूळ बसली, त्याचा चिकटा झाला आणि उरलेला जोरही गेला. पुढे मला बोलावलं, तेव्हा "तेल कोणी घातलं" यावर तिथे अर्धा तास भांडण. बिल कोणाच्या नावावर, हा पोटप्रश्न वेगळाच...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. फ्लिपर ढिला का पडतो, हा मूळ विषय राहिलाच की!

भराभर सांगतो. जुन्या मशीनच्या फ्लिपर कॉइलमध्ये दोन तारा गुंडाळलेल्या असतात: जाड तार मारायला, बारीक तार धरून ठेवायला. बटण दाबलं की प्रवाह जाड तारेतून जातो, कारण एक मिटलेला स्विच बारीक तारेला बगल देतो. फ्लिपर वर पोचला की तो स्विच उघडतो, बारीक तार मध्ये येते, प्रवाह उतरतो. बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. आता आपली खारी हवा. या स्विचचे नाहीतर बटणाचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, काळे पडले की वाटेत अडथळा. ५० व्होल्ट आणि ४ ओहमची कॉइल धरा: साडेबारा अँपिअर. वाटेत एकच ओहम वाढला की दहा. ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे कागदावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोर गेला, आणि कॉइल ठणठणीत!

दोन्ही फ्लिपर ढिले असतील तर आधी पुरवठा बघा. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा खास. एकच ढिला असेल तर वीज बंद करून तो हाताने हलवा. अडकला तर स्लीव्ह, बुशिंग (फ्लिपरचा दांडा फिरतो ती बाही), चेपलेला प्लंजर. मोकळा असेल तर पॉइंट. जुने टंगस्टनचे पॉइंट बारीक कानशीने घासा. नव्या मशीनमधल्या सोन्याचा मुलामा असलेल्यांना कानस लावाल तर मुलामाच जाईल. तिथे जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी ओढा. आणि कॉइल खरंच जळली असेल, तर फ्लिपर वर पोचल्यावर तो बगल देणारा स्विच उघडतो का ते आधी तपासा, नाहीतर नवीही जळेल.

बसतो, बसतो. मशीन बाहेर ओटीवर आहे. कानस कुणी हातात घेऊ नका.