रोज थोडं फालतू बोला

नमस्कार. मागपर्यंत येतंय ना ऐकू? बरं. तर पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘भावनिक आरोग्यासाठी रोजच्या सवयी’, आणि संयोजकांनी फोनवर बजावलंय की ताई, पाच-सहा सवयी सांगा, लोक वही घेऊन येतात. सांगते, सगळ्या सांगते, पण शेवटी. त्याआधी एक मुद्दा आहे, तो घरी आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुमच्यासमोर काढतेय. तुम्हाला उठून जाता येणार नाही, चहा व्याख्यानानंतर आहे. (हशा)

मुद्दा असा की मनाची काळजी म्हटलं की आपण दोनच टोकं बघतो. एकीकडे घरचे आणि जिवलग, दुसरीकडे आपण एकटे, म्हणजे ध्यान, श्वास, डायरी, कानात इअरफोन आणि त्यात कोणीतरी बाई इंग्रजीतून सांगतेय की आता खांदे सैल सोडा. मधली माणसं आपण मोजतच नाही. मधली म्हणजे, ज्यांचं आडनाव माहीत नसतं पण गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते माहीत असतं, अशी. भाजीवाली, इस्त्रीवाला, लिफ्टमधले काका, ट्रेनचा ग्रुप.

मी नोकरीची सगळी वर्षं ठाणे-व्हीटी केली. लेडीज डबा. आता इथे निम्म्या बायकांनी माना डोलावल्या म्हणजे मेथी निवडण्यापासून सांगायला नको. दसऱ्याला डब्याला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि मधे वर्षभर भांडणं. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. तिने आईला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, आम्हाला मात्र मुलुंड-भांडुपच्या मधे उभ्या उभ्या सांगून टाकलं. का, तर आम्ही आपापल्या स्टेशनला उतरून जाणार होतो, रात्री तिच्या घरी फोन करून रडणार नव्हतो. कोणी सल्ला दिला नाही, एकीने फक्त बसायला जागा दिली, आणि गर्दीच्या वेळेला ठाण्याच्या बाईने स्वतःची जागा देणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

हे मी आपलं मनाने सांगत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ, त्यांनी १९७३ साली लिहिलं की दूरच्या ओळखी फार कामाच्या असतात, पण त्यांचा विषय मुख्यतः नोकरी कशी मिळते हा होता. मनाचं पुढे लोकांनी तपासलं. २०१४ मधला शिकागोचा एक प्रयोग तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. एप्ली आणि श्रोडर या दोन संशोधकांनी लोकल ट्रेनने जाणाऱ्यांचे गट केले, काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प एकटे बसा, आणि काहींना म्हटलं रोज जे करता ते करा. दुसऱ्या काही प्रवाशांना नुसतं विचारलं की प्रवास कशाने चांगला होईल, तर लोक म्हणाले बोलून नक्कीच नाही. प्रत्यक्षात ज्यांनी बोलणं केलं त्यांचाच प्रवास सगळ्यात चांगला गेला. म्हणजे आपल्याला कशाने बरं वाटतं याचा आपला अंदाजच चुकतो. आता तुम्ही म्हणाल शिकागोत बसायला मिळतं. अहो, आपल्याकडेही मिळायचं! १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती १४ डबे आणि चारशे माणसं घेऊन. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना खिडकी. आता तेवढ्या बायका एका डब्यात असतात. (हशा)

तर रिटायर झाल्यावर आम्ही नौपाड्यातलं जुनं घर सोडून घोडबंदर रोडला टॉवरमध्ये गेलो. सोसायटीचं नाव घेत नाही, सेक्रेटरी इथे बसलेले असू शकतात. आमच्या गेटच्या आत, झाडाखाली एक सिमेंटचं बाकडं होतं. पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं, नाव पुसलेलं, त्यामुळे कोणाच्या स्मरणार्थ ते कोणालाच माहीत नाही. पण त्या बाकड्यावर काय चालायचं बघा. सकाळी कामाला येणाऱ्या बायका चप्पल झटकत बसायच्या, अकराला कुरिअरवाला, चारला आम्ही पेन्शनवाले, सहाला शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया, आणि रात्री नऊनंतर सीएची परीक्षा परत परत देणारा एक मुलगा. तो कोणाशी बोलायचा नाही. पण आमचे एक काका जेवून खाली यायचे, शेजारी बसायचे, शेंगदाण्याची पुडी मधे ठेवायचे आणि क्रिकेटवर एकटेच बडबडायचे. तीन-चार आठवड्यांनी त्या मुलाने काकांचा एक स्कोअर दुरुस्त केला. त्या दिवशी काका घरी जाऊन बायकोला म्हणाले, बोलला!

मग कमिटीने लँडस्केपिंगचं काम काढलं. एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, विषय क्रमांक सात, ‘प्रवेशद्वार परिसर सुशोभीकरण’. आधी दोन तास पार्किंगवर गेले ते सोडा, ते तुमच्याकडेही जातात. मग कोणीतरी म्हणालं बाकड्यावर बाहेरचे बसतात. मी उठून विचारलं, बाहेरचे म्हणजे कोण? ज्या बाईच्या हातात आपण घराची किल्ली देतो ती बाहेरची? तर म्हणाले, ताई, लूकचा प्रश्न आहे, रीसेल व्हॅल्यूचा प्रश्न आहे. मी म्हटलं, हा लोकांच्या मनाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. त्यावर सेक्रेटरी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, त्यासाठी क्लबहाउसमध्ये मेडिटेशन रूम आहे. आता ती मेडिटेशन रूम. तिला कुलूप असतं, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर सहाला जातो, आणि आत सोसायटीच्या गणपतीचं मखर आणि तुटलेली ट्रेडमिल ठेवलीय. शांतता आहे तिथे, नाही असं नाही. (मोठा हशा)

बाकडं काढलं नाही हं, मिनिट्समध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, ‘स्थलांतरित केले’. कुठे, तर मागे, सांडपाण्याच्या प्लांटला लागून, जनरेटरच्या समोर. तिथे आता मांजर पण बसत नाही. गेटवर कुंड्या आल्या, त्यात तो पामचा प्रकार. मी दुसऱ्या दिवशी घरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली बसले, तर कॉमन एरियात खासगी सामान ठेवल्याची नोटीस आली. ती मी जपून ठेवलीय, कोणाला बघायची असेल तर पर्समध्ये आहे. आणि माझी खरी तक्रार तर पुढची आहे, इंग्लंडमध्ये २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, त्यांना मंत्री लागला, आपल्याकडे जे काम एक बाकडं फुकटात करत होतं ते आपण

…चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, वह्या काढा.

एक, उठायची वेळ रोज एक. झोपायची पुढेमागे झाली तरी चालेल, उठायची हलवू नका, आणि उठल्यावर बाहेरचा उजेड डोळ्यांवर घ्या, शरीराचं घड्याळ त्याच्यावर लागतं. फोन नंतर. संध्याकाळचा चहा लवकर उरका, कॅफिन पाचेक तासांनीही निम्मं अंगात असतं.

दोन, चालणं. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते. उपवनला जा, तलावपाळीला चकरा मारा, पण रोज एकाच वेळी जा. एकाच वेळी गेलं की तीच माणसं दिसतात, आणि चार दिवस नाही गेलात की कोणीतरी विचारतं, दिसला नाहीत? माझं तर मत आहे की सवय टिकते ती निश्चयाने नाही, या प्रश्नाने टिकते.

तीन, मूड आला की करू असं म्हणू नका. उदास असताना मूड आधी येत नाही, आधी भांडी घासा, मूड मागाहून येतो. आला तर.

चार, लिहिणं. पेनेबेकर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं वाईट लिहायला लावलं होतं, लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून पहिल्या दिवशी रडू आलं तर वही फेकू नका. नवऱ्याच्या हाती लागेल अशी पण ठेवू नका.

पाच, श्वास. राग आला की घेताना जेवढा वेळ त्याहून सोडताना जास्त. झालं, एवढंच. यावर कोर्स विकतात लोक.

सहा म्हणजे माझा मुद्दा, रोज एका मधल्या माणसाशी दोन वाक्यं. सुट्टे आहेत का, हे धरायचं नाही.

आणि एक शेवटचं, हे सवयीत बसत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन खाली आहे, झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, तर फेऱ्या मारत बसू नका, शेंगदाण्यांवरही भागवू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे सोडा, त्याच मिनिटाला लावा. आणि आपल्या ठाण्यात तर १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे. बाहेरगावचे पाहुणे त्यावरून आपल्याला चिडवतात, ‘ठाण्याचं का, मग बरोबर’, हसा तुम्ही पण, मीही हसते, पण तिथे ओपीडी असते आणि तिथे जायला वेड लागावं लागत नाही, झोप येत नाही एवढं कारण पुरतं. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, आणि रांगेत शेजारी… हो हो, थांबते. माइक कोणाकडे देऊ?