एस्केप दाबल्यावरचा अर्धा सेकंद

स्क्रीनवर बघा. टीमक्समधे, म्हणजे एका टर्मिनलमधे अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे, विम उघडलंय. विम हा टेक्स्ट एडिटर, त्यात एस्केप दाबून टायपिंगच्या मोडमधून बाहेर पडतात. दोन ओळी टाइप केल्या, एस्केप दाबलं आणि… काहीच नाही. मग झालं. आता टीमक्समधून बाहेर येऊन तेच विम उघडू, एस्केप दाबल्या दाबल्या मोड बदलतो. म्हणजे मधे कुणीतरी थांबतंय.

थांबतंय टीमक्स. गंमत अशी की ॲरो की किंवा ऑल्टबरोबर दाबलेलं अक्षर टर्मिनलमधून जातं तेच मुळी एस्केपने सुरू होऊन, त्यामुळे नुसता एस्केप आला की टीमक्स वाट बघतं, की मागून अजून काही येतंय का. किती वाट? बरीच वर्षं डिफॉल्ट 500 मिलिसेकंद होतं. 2024 च्या 3.5 व्हर्जनमधे ते 10 वर आणलं. पण सर्व्हरवर बऱ्याचदा जुनंच व्हर्जन असतं, तेव्हा टीमक्सच्या कॉन्फिग फाइलमधे एस्केप-टाइमची (ही वाट किती बघायची ते ठरवणारी) एक ओळ स्वतः लिहून टाका आणि मोकळे व्हा. माझ्या कॉन्फिग फाइलमधली पहिली ओळ हीच आहे, आणि सगळ्यात उशिरा सापडलेलीही हीच, कितीतरी दिवस मला वाटायचं विमच स्लो आहे.

थोडं मागे जाऊ. एका टर्मिनलमधे अनेक शेल (कमांड घेणारे प्रोग्रॅम, बॅशसारखे) चालवायची सोय आधी ग्नू स्क्रीनने दिली, 1987 मधे. टीमक्स त्यानंतर वीस वर्षांनी आलं, निकोलस मॅरियटने 2007 मधे आणलं, आणि 2009 मधे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 4.6 मधे ते सिस्टिमबरोबरच मिळायला लागलं. त्याची खरी ताकद खिडक्यांचे तुकडे करण्यात नाहीये. मागे टीमक्सचाच एक सर्व्हर चालू असतो आणि आपण बघतो तो फक्त क्लायंट, त्यामुळे नेट गेलं, लॅपटॉप मिटला, एसएसएच (दूरच्या मशीनशी जोडणी) तुटलं तरी पलीकडचं बिल्ड (प्रोग्रॅम तयार करायचं काम) आपलं चालूच राहतं. परत लॉगिन करा, त्याच सेशनला (टीमक्समधल्या चालू कामाला) अटॅच करा, झालं. मशीनच रीबूट झालं तर मात्र सगळं गेलं. रिसरेक्ट नावाचं प्लगइन पेन (खिडकीचे तुकडे) आणि फोल्डर परत मांडून देतं, पण चालू असलेला प्रोग्रॅम जिथे होता तिथून उठवत नाही, हे लक्षात ठेवा.

आता प्रीफिक्स, म्हणजे टीमक्सला कमांड द्यायच्या आधी दाबायची की. डिफॉल्ट कंट्रोल-बी, बोटं ताणावी लागतात म्हणून बरेच जण ग्नू स्क्रीनसारखं कंट्रोल-ए करतात, आणि मग बॅशमधे ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए मारलं की टीमक्स ते गिळून टाकतं. उपाय आहे, सेंड-प्रीफिक्स ही कमांड त्याच कीला बाइंड करा (जोडा) म्हणजे दोनदा दाबल्यावर ते आतपर्यंत पोचतं. मी कंट्रोल-स्पेसवर स्थिरावलोय.

पेन उभा कापायला % आणि आडवा कापायला दुहेरी अवतरण चिन्ह, हे कुणाच्या लक्षात राहणार? | आणि - लावा, चिन्ह बघूनच कळतं कुठे काप पडणार. पण त्याच ओळीत पेन-करंट-पाथ (सध्याच्या पेनचं फोल्डर) द्यायला विसरू नका, नाहीतर नवा पेन सेशन जिथून सुरू केलं त्या फोल्डरमधे उघडतो आणि तुम्ही दिवसभर फोल्डर बदलायला सीडी सीडी करत बसता. माझ्या मते या एका बदलाने जेवढा वेळ वाचतो तेवढा सगळ्या थीम मिळून वाचत नाही.

माउस ऑन करा की नको यावर लोक भांडतात. करा खुशाल. फक्त मग सिलेक्शन टीमक्सच्या ताब्यात जातं, टर्मिनलचं नेहमीचं सिलेक्शन हवं असेल तर बहुतेक ठिकाणी शिफ्ट दाबून ओढा. स्क्रोलबॅक (वर सरकवून बघता येणारा जुना मजकूर) डिफॉल्ट 2000 ओळींचा असतो, एका मोठ्या टेस्ट रनमधे तो भरतो आणि नेमकी पहिली एरर वर निघून जाते, तोही वाढवा.

स्टेटस बारमधे लोक हवामान, बॅटरी, गाणं काय काय लावतात, आणि प्रत्येक गोष्टीसाठी दर 15 सेकंदांनी एक स्क्रिप्ट पळत असते. मी सेशनचं नाव आणि होस्टनेम ठेवलंय, आणि प्रॉडक्शनच्या मशीनवर बार लालभडक. का, ते विचारू नका.

आता शेवटचा घोळ बघा. ही बाइंडिंगची (कीला कमांड जोडणारी) ओळ मी कॉन्फिग फाइलमधून उडवतोय, सेव्ह, सोर्स-फाइल कमांडने रीलोड… आणि की अजून चालतेय! कारण रीलोड म्हणजे फाइल नुसती परत वाचणं, टीमक्सच्या सर्व्हरच्या डोक्यात आधी बसलेलं त्याने निघत नाही. मग लोक वैतागून किल-सर्व्हर मारतात, आणि त्याबरोबर सगळी सेशन्स, पलीकडचं बिल्ड, सगळं जातं. त्यापेक्षा अनबाइंडची एक ओळ लिहा, रीलोड करा. हे बघा, गेली.