ब्रसेल्समध्ये मत नाही, वजन मात्र आहे

(दृश्य: मुंबई विमानतळ, रात्र. लंडनला निघालेलं विमान धावपट्टीकडे सरकतं आहे.)

मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाला युरोपीय महासंघाचं आकाश लागेपर्यंत निम्म्याहून जास्त वाट मागे पडलेली असते. पण 1 जानेवारी 2012 पासून महासंघाने (ब्रिटन तेव्हा त्यातच होतं) विमान कंपन्यांकडून अख्ख्या प्रवासाचा हिशेब मागायला सुरुवात केली. जितका कार्बन हवेत सोडलात, तितके परवाने, कमी पडले तर विकत घेऊन, आमच्याकडे जमा करा. अरबी समुद्रावर जळालेलं इंधनही त्यात आलं.

हा कायदा 2008 सालचा. महासंघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाने मांडलेला, सदस्य देशांचे मंत्री आणि युरोपीय संसद यांनी मिळून मंजूर केलेला. भारत, चीन, अमेरिका यांना त्यात मत नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. अमेरिकी विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. 21 डिसेंबर 2011 रोजी महासंघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आमच्या विमानतळावर उतरायचं, तर आमचे नियम पाळायचे.

म्हणजे कागदावर सगळं पक्कं झालं होतं.

(दृश्य: दिल्ली, मॉस्को, बीजिंग. वर्तमानपत्रांचे मथळे.)

विरोधक देशांची बैठक सप्टेंबर 2011 मध्ये दिल्लीत झालेलीच होती. फेब्रुवारी 2012 मध्ये मॉस्कोत वीसहून अधिक देशांनी एकत्र येऊन प्रत्युत्तराच्या उपायांची यादीच तयार केली. चीनने आपल्या कंपन्यांना सरळ बजावलं, की सरकारच्या परवानगीशिवाय यात भाग घ्यायचा नाही. भारतानेही आपल्या कंपन्यांना आकडेवारी देऊ नका म्हणून सांगितलं. मे महिन्यात आयोगाने जाहीर केलं, की हिशेब न देणाऱ्या कंपन्या दहा आहेत. आठ चिनी, दोन भारतीय.

खरं तर रक्कम फार मोठी नव्हती. सुरुवातीला बहुतांश परवाने फुकटच मिळणार होते. पण आपल्या हद्दीतल्या धुराचे पैसे दुसऱ्याने का वसूल करावेत, हा प्रश्न दिल्लीला जेवढा झोंबला, तेवढाच वॉशिंग्टनलाही. एरवी हवामानाच्या वाटाघाटीत एकमेकांची तोंडं न बघणारे इथे एका बाजूला बसले, हे विशेषच.

(दृश्य: तुलूझ, फ्रान्स. एअरबसचा कारखाना, रंग न दिलेली विमानं.)

तरीही घाव बसला तो मॉस्कोच्या जाहीरनाम्याने नाही. तो बसला इथे, तुलूझमध्ये. मार्च 2012 मध्ये एअरबसने काही युरोपीय विमान कंपन्यांसह ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेनच्या नेत्यांना पत्र लिहिलं. चीन आमच्या विमानांच्या ऑर्डरी अडवून धरतोय, रोजगार धोक्यात आहेत, अशी तक्रार होती. पत्र महासंघाच्या मुख्यालयी, ब्रसेल्सला न जाता चार राजधान्यांत का गेलं, ते उघड आहे. कायदा आयोग मांडतो, पण तो बदलायचा तर मंत्र्यांची मतं लागतात, आणि मंत्री असतात आपापल्या मतदारसंघांचे.

12 नोव्हेंबर 2012. युरोपीय आयोगाच्या हवामानविषयक आयुक्त कॉनी हेडेगार्ड यांनी युरोपबाहेर ये-जा करणाऱ्या उड्डाणांपुरतं ‘घड्याळ थांबवत’, म्हणजे अंमलबजावणी स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं माँट्रियलचं. तिथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जागतिक तोडगा काढेल, त्याला वेळ देऊ. आपल्या कंपन्यांना यातून बाहेर ठेवता येईल असा अमेरिकेचा कायदा ओबामांच्या सहीने पुरा झाला तो त्यानंतर, 27 नोव्हेंबरला. वरात निघून गेल्यावर घोडा आला म्हणायचं!

पुढे आयोगाने एक मधला मार्ग सुचवला. निदान युरोपच्या आकाशातल्या टप्प्यापुरता तरी हिशेब घेऊ. त्यालाही ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने मोडता घातला. 2014 मध्ये कायदा युरोपांतर्गत उड्डाणांपुरता उरला. ती सवलत पुन्हा पुन्हा वाढत 2026 अखेरपर्यंत आली आहे.

(दृश्य: बंदरावर उतरणारी पोलादाची गुंडाळी.)

मग भारताने आक्षेप घेऊनही पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटवरचा कार्बन सीमा कर, म्हणजे आयात माल बनवताना सुटलेल्या कार्बनवरची महासंघाची आकारणी, का रोखला गेला नाही? पीयूष गोयल यांनी त्यावर जाहीर टीका केली. तरी ऑक्टोबर 2023 मध्ये माहिती देणं सुरू झालं आणि 1 जानेवारी 2026 पासून आकारणीचा टप्पा. आमच्या मते मोठा फरक कायद्याच्या रचनेत आहे. विमानांच्या वेळी परवाने जमा करायचे होते परदेशी कंपन्यांनी. त्यांना त्यांची सरकारं ‘देऊ नका’ म्हणू शकत होती. हा कर मात्र भरायचा आहे युरोपातल्या आयातदाराने, आणि जर्मनीतल्या व्यापाऱ्याला दिल्लीहून मनाई करता येत नाही.

याचा अर्थ तो कायदा अभेद्य आहे, असा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्काचा दबाव टाकला, आणि दोघांच्या संयुक्त निवेदनात युरोपने याच कराच्या अंमलबजावणीत आणखी लवचिकता आणण्यासाठी प्रयत्न करू, असं लिहून दिलं.