आधी मोजा, मग पाना लावा

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

विषय दिलाय ‘जुन्या पद्मिनी मोटारीचं इंजिन घरी कसं बांधावं’. सांगणार आहे. पण आधी एक तक्रार मांडू द्या, ती ऐकायला एवढी माणसं पुन्हा मिळायची नाहीत.

गाडी निळा धूर मारायला लागली की मेकॅनिक बॉनेटसुद्धा न उघडता निकाल देतो, ‘काका, इंजिन खोलायला लागतंय, बोअर मारून घेऊ.’ अरे, पण मोजलंस का? प्लग काढ, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघ. कमी दाखवतंय? त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोड, परत बघ. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाहीतर बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, नाहीतर गॅस्केट. आणि कॉम्प्रेशन झकास असून धूर येतोय, तर व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे त्याची दांडी सरकते त्या नळ्या, तपास. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवून भागतंय तिथं ब्लॉक कशाला बाहेर काढायचा?

पद्मिनीचं नाव निघालं की सोलापूरकरानं जरा कॉलर ताठ करावी. प्रीमियर कंपनी 1944 साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म 1882 चा, इथलाच. कारखाना मात्र कुर्ल्याला. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा तिकडं केवढे उमाळे आले! आपल्याकडं गाडी अंगणात ताडपत्रीखाली, आणि ‘पोरगा आल्यावर बघेल’. पोरगा पुण्यात.

तर तक्रार. माझ्या गाडीचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे दांडे, मी एका वर्कशॉपला साफ करायला दिले होते. नाव सांगत नाही, मागच्या रांगेतले हसतायत म्हणजे त्यांनीही तिथंच दिले असणार. रॉड आणि त्याची खालची कॅप कारखान्यात एकत्र बसवून भोक पाडतात. म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच रॉडला, दुसरीकडं नाही. ओळखायला दोन्हींवर नंबर ठोकलेले असतात. या बहाद्दरांनी बफ मारून नंबरच उडवले! चांदीसारखे चकचकीत रॉड, आणि चारही कॅपा एका पिशवीत. जाब विचारला तर म्हणतात, ‘सगळे सेमच असतात की, काका.’ चार नवरे, चार नवऱ्या, आणि भटजीनं अंतरपाट काढून दिवे घालवले. जोड्या लावायच्या 24 तऱ्हा!

शेजारी रोज डोकवायचा, ‘अजून तेच करूलालास बे?’ शेवटी पॉवरलूमचे पार्ट करणाऱ्या एका म्हाताऱ्या लेथवाल्यानं सोडवलं. बेअरिंग काढून ठेवलं, कॅप बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळले आणि भोक मोजायचा बोअर गेज तीन दिशांनी फिरवला. रॉड-कॅपच्या सांध्यावर नखही फिरवलं. नख अडलं की ‘ही न्हवं’. भोक गोल, नख सरळ गेलं की जोडी ठरली. कॅपच्या दिशेचा प्रश्न नव्हता, बेअरिंगच्या खाचा एकाच बाजूला यायला लागतात. कापड गिरण्या गेल्या, पण मोजणारे हात या गावात अजून आहेत. तुम्ही मात्र रॉड देण्याआधी पंचनं आपल्या खुणा करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं. काम जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला काढा, मे महिन्यात पाना हातात धरवत नाही.

बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी उभा-आडवा मोजा. झीज वरच्या रिंगेपाशी जास्त. मूळ माप 68 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75, त्याचेच 1089 सीसी होतात. नवी रिंग बोअरमध्ये सोडून पिस्टननं सरळ ढकला, तोंडाची फट फिलरनं, म्हणजे मापाच्या पातळ पत्तीनं, बघा. बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. कमी असली तर इंजिन तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग मोडते. बेअरिंगला हात लावण्याआधी ऑइल. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळा, एका दमात नाही.

टायमिंग लावताना 1 नंबरचा पिस्टन नुसता वर आला म्हणून खूश होऊ नका, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद पाहिजेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2. चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. कार्ब्युरेटरमधून फटाके निघाले तर वायरी परत तपासा. रनिंग-इन, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं, राहिलं, तेवढं चहाला विचारा. पहिलं ऑइल मात्र लवकर बदला, हे लिहून घ्या.