गोव्याहून लिस्बनला गेलेला गेंडा

(दृश्य: सकाळची तेजो नदी, पलीकडून येणारी फेरीबोट)

शनिवार. प्रासा दु कोमेर्सियु हा लिस्बनचा नदीकाठचा मोठा चौक. तीन बाजूंना पिवळ्या इमारती, चौथी बाजू थेट पाण्याकडे उघडी. आमच्या हाताशी दोनच दिवस आहेत आणि शोधायचा आहे एक गेंडा.

हसू नका. तो आपल्या गोव्याहून इथे आला होता.

गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कने ती भेट पुढे ढकलली, थेट राजा मॅन्युएलकडे. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाज सुटलं आणि २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला तो हा.

हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी, असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलेलं. राजाला ते पडताळून पाहायचं होतं. ३ जूनला, रविवारी, इथेच राजवाड्याजवळ झुंज लावली. तरण्या हत्तीने समोरचा प्राणी पाहिला आणि धूम ठोकली. झुंज संपली!

(दृश्य: कार्मोच्या उघड्या कमानी)

तो राजवाडा आता नाही. १ नोव्हेंबर १७५५, तोही शनिवारच. सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग कित्येक दिवस आग. चौकामागचे आजचे सरळसोट रस्ते त्यानंतरचे, राजाचा मंत्री मार्की द पोम्बाल याच्या काळातले. तिथल्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा आहे, पुन्हा धक्का बसला तर घर तग धरावं म्हणून. इथे त्याला चक्क ‘पिंजरा’ म्हणतात.

टेकडीवरच्या कार्मो मठाच्या चर्चला मात्र छप्पर पुन्हा कधी चढलंच नाही. खाली हिरवळ, वर बरगड्यांसारख्या दगडी कमानी आणि मधून निळं आभाळ. लिस्बनमध्ये एकच वास्तू पाहायची असेल तर मी हीच सांगेन. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामची रांग पाहूनच आम्ही पायी निघालो. रात्री मुक्कामी पोचलो, तर काउंटरवरच्या बाईंनी ‘शाव्ह’ म्हणत हातात किल्ली ठेवली. आपली चावी ती हीच.

(दृश्य: बेलेंचा बुरूज, पश्चिमेची बाजू)

रविवारी पंधरा नंबरची ट्राम धरून बेलें गाठलं. बुरुजाचं बांधकाम सुरू झालं १५१४ मध्ये, म्हणजे गेंडा आला तेव्हा इथे पाथरवटांची टाकी चालूच होती. लोक समोरून फोटो काढून निघून जातात. आम्ही बाजूला वळून एकेक छत्री-बुरूज न्याहाळत राहिलो. आणि दिसला! एका बुरुजाच्या तळाशी, भार पेलत असल्यासारखं, दगडी डोकं. खाऱ्या वाऱ्याने इतकं झिजलेलं की शिंग कुठे होतं ते अंदाजानेच ठरवायचं.

खऱ्या गेंड्याला राजाने पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवलं. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडालं. पोहता येत असूनही त्याचा इलाज चालला नाही, पाय साखळीत होते. जर्मनीत चित्रकार ड्यूररने नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं, त्यात पाठीवर एक जादा शिंगही चिकटवलं. शेकडो वर्षं युरोपला तोच गेंडा खरा वाटत राहिला.

(दृश्य: दगडी डोक्यावर कॅमेरा स्थिर)

इथल्या पाथरवटाने पाठ कोरलीच नाही. नुसतं डोकं आहे, नदीकडे तोंड काढलेलं. भरतीचं पाणी पायथ्याशी चढू लागलं, तसे आम्ही दोन पावलं मागे सरलो.